पडद्यावरचा येशू मराठी बोलतो तेव्हा…

सिनेमातला ख्रिश्चन म्हटलं की गिटार, केक आणि 'माय चाइल्ड' म्हणणारा फादर. पण नगर जिल्ह्यातल्या एका गावात, दोन बांबूंमध्ये ताणलेल्या कापडावर मी जो येशू पाहिला, तो काही वेगळाच होता…

डिसेंबर उजाडला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी हमखास होतात. एक, रिसेप्शनपाशी प्लॅस्टिकचं ख्रिसमस ट्री उभं राहतं. आणि दोन, नवीन जॉइन झालेलं कुणीतरी माझ्या डेस्कपाशी येऊन डोळे मोठ्ठे करून विचारतं, "अगं, तू ख्रिश्चन? पण तुझं मराठी किती छान आहे!"

मी हसते. पुढचे प्रश्न रांगेत उभेच असतात. गोव्याची का गं? घरी वाइन बनवता? तुझे डॅडी गिटार वाजवतात? एकाने तर मला सिरियसली विचारलं होतं, की आम्ही घरी आईला 'ममा' म्हणतो की 'मम्मी'. आम्ही 'आई' म्हणतो, असं सांगितल्यावर बिचारा जरा नाराजच झाला.

पण दोष त्यांचा नाहीच. आपले सगळ्यांचेच फंडे सिनेमाने क्लिअर केलेत. 'बॉबी' (१९७३) मधला दारू पिऊन धमाल करणारा जॅक ब्रॅगान्झा, 'ज्यूली' (१९७५) मधलं अँग्लो-इंडियन घर, 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला आपला अँथनीभाई. हीरो संकटात सापडला की अंधाऱ्या चर्चमध्ये जाणार, मेणबत्ती लावणार, वर पुतळ्याकडे बघून डायलॉग मारणार. पाठीमागे ऑर्गन वाजणार. झाला ख्रिश्चन!

माझं गाव श्रीरामपूर तालुक्यातलं. जिल्हा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचं अहिल्यानगर; आमच्या तोंडी मात्र अजूनही 'नगर'च. घरात गिटार नव्हती. पेटी होती, तबला होता आणि टाळांचे दोन जोड. नाताळात केक यायला लागला तो माझ्या भावाला नोकरी लागल्यावर. त्याआधी नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळी आणि मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरीबरोबर. आजी लुगडं नेसायची. तिचं माहेर राहुरीकडचं, प्रोटेस्टंट; सासर आमचं, कॅथलिक. ती दोन्हीकडची गाणी म्हणायची. फरक कोणता, असं विचारलं तर म्हणायची, "चाल निराळी, बाकी एकच."

अशा घरातल्या माणसांना पडद्यावरचा देव कसा दिसतो, ते सांगायचंय. थोडं सिनेमाचं, थोडं घरचं.

जीपमधून आलेला येशू

मी आठेक वर्षांची असेन. म्हणजे साधारण १९९५ चा हिवाळा. एका संध्याकाळी गावात जीप आली. तिच्यातून प्रोजेक्टर, जनरेटर, दोन भोंगे आणि एक भलंमोठं पांढरं कापड उतरलं. शाळेपुढच्या मैदानात बांबू रोवले, कापड ताणलं आणि बघता बघता अख्खं गाव जमा झालं. त्यात ख्रिस्ती होते, मराठे होते, मुसलमान होते, वस्तीवरचे धनगर होते. फुकटचा पिक्चर कोण सोडतंय?

पुढची जागा मोठ्यांनी पटकावल्यामुळे आम्ही पोरं कापडाच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो. तिकडूनही चित्र दिसतं, फक्त उलटं. त्यामुळे आमच्या बाजूचा येशू डावखुरा निघाला. डाव्या हाताने आशीर्वाद, डाव्या हाताने भाकर मोडून देणं. पुढे कितीतरी दिवस मी डाव्या हाताने जेवायचा हट्ट धरायचे आणि मार खायचे.

तो सिनेमा होता 'जीझस', १९७९ चा. लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला आणि इस्रायलमध्ये चित्रित केलेला. येशू झालाय ब्रायन डीकन हा ब्रिटिश नट. हॉलिवूडच्या हिटलिस्टमध्ये तुम्हाला हे नाव बहुधा सापडणार नाही. पण जगात सगळ्यात जास्त भाषांमध्ये डब झालेला सिनेमा म्हणून याचंच नाव घेतात. आतापर्यंत दोन हजारांहून जास्त भाषा झाल्यात. त्यातली एक मराठी.

मधेच तहान लागली म्हणून मी पुढच्या बाजूला आजीकडे गेले. ती सगळ्यांच्या मागे, जमिनीवर बसली होती. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. देवळात किंवा चर्चमध्ये ठेवतात तशा. पडद्यावर एक लहान मुलगी अंथरुणावर उठून बसत होती. आजी पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, धूळ गेली असेल. पाणी पिऊन मी परत माझ्या डावखुऱ्या येशूकडे पळाले.

पिक्चर संपल्यावर आजीने रीळ गुंडाळणाऱ्या माणसाला गाठलं.

"भाऊ, हा येशू झालेला बाबा कुठला?"

"विलायतेचा हाय, आजी."

"मंग एवढी चांगली मराठी कुठं शिकला?"

तो माणूस खूप हसला. आवाज दुसऱ्याचा असतो, तोंड दुसऱ्याचं असतं, असं त्याने समजावून सांगितलं. आजीने ऐकून घेतलं. घरी येताना मला म्हणाली, "तोंड कुणाचं का असंना. बोलला आपल्यासारखा, बास."

फाळक्यांनी काय पाहिलं?

आता हा किस्सा बघा. क्विझमध्ये विचारायला मस्त आहे. भारतीय सिनेमाची सुरुवात कोणत्या देवामुळे झाली?

उत्तर : येशूमुळे. थट्टा नाही. १९१०-११ च्या सुमारास त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईत गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहायला गेले. मग पत्नी सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. डोळ्यांपुढून ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि मनात मात्र राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती, असं त्यांनी स्वतःच पुढे १९१७ मध्ये लिहून ठेवलंय. आपली माणसं, आपले देव असे पडद्यावर कधी दिसणार, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पुढे १९१७ मध्ये फाळक्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामं एकाच नटाने केली होती, अण्णा साळुंखे यांनी. आणि पडद्यावर राम आला की थिएटरातली माणसं हात जोडायची, लोटांगण घालायची. तो राम साळुंखे आहे, हे काय लोकांना माहीत नव्हतं? माहीत असलं तरी त्यांचं काही अडत नव्हतं.

मला फाळक्यांच्या गोष्टीतली गंमत वाटते ती ही, की त्यांनी पडद्यावर एक बघितलं आणि मनात दुसरं. परक्या चेहऱ्यात आपल्या गावचा देव शोधला. माझ्या आजीने शाळेपुढच्या मैदानात तेच केलं होतं. फरक एवढाच, की आजीचा आणि पडद्यावरचा देव एकच होता. परकं होतं ते बाकी सगळं.

चेहरा दाखवायचा की नाही?

आपल्याकडे देव दिसणं म्हणजे दर्शन. त्यासाठी आपण पहाटे तीनला उठून रांगेत उभे राहतो. पश्चिमेत मात्र सिनेमावाल्यांना वेगळंच टेन्शन होतं. देवाच्या पुत्राचं काम माणसाने करायचं तरी कसं? ब्रिटनच्या सेन्सॉरने १९१३ मध्ये कामाला सुरुवात केली तेव्हा त्यांचे पक्के नियम दोनच होते : नग्नता दाखवायची नाही आणि ख्रिस्त दाखवायचा नाही.

हॉलिवूडने त्यातून वाटा काढल्या. 'बेन-हर' (१९५९) मध्ये येशू आहे, पण त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही, आवाजही ऐकू येत नाही. तहानलेल्या बेन-हरला तो पाणी पाजतो तेव्हा कॅमेरा येशूच्या पाठीमागे असतो. शिपाई अडवायला येतो, येशूकडे बघतो आणि गप्प होतो. आपल्याला दिसतो तो फक्त शिपायाचा ओशाळलेला चेहरा. काय सॉलिड सीन आहे!

दुसरी वाट झेफिरेल्लीची. १९७७ च्या 'जीझस ऑफ नाझरेथ' या टीव्ही मालिकेत येशू झालेला रॉबर्ट पॉवेल डोळ्यांची पापणी जवळजवळ लववतच नाही. ते मुद्दाम केलेलं होतं. हा माणूस आपल्यातला असूनही नाही, हे नुसत्या नजरेतून कळावं म्हणून. त्याचा परिणाम असा झाला, की पुढे अनेक घरांत पॉवेलचाच फोटो येशूचा म्हणून भिंतीवर गेला.

आमच्या घरी भिंतीवर होतं ते कॅलेंडरातून कापलेलं चित्र. सोनेरी झाक असलेले केस, बाजूला वळलेला चेहरा, मऊ प्रकाश. मोठेपणी कळलं, की ते शिकागोच्या वॉर्नर सॉलमनने १९४० मध्ये काढलेलं चित्र आहे आणि जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती निघाल्यात. आम्ही ज्याला लहानपणापासून 'आपला येशू' समजत होतो, तो शिकागोचा निघाला!

मग तिसरी वाट पाझोलिनीची. हा इटालियन दिग्दर्शक मार्क्सवादी आणि नास्तिक. त्याने १९६४ मध्ये मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर सिनेमा काढला. दक्षिण इटलीतली गरीब गावं, खडबडीत चेहऱ्यांची साधी माणसं. येशू झाला एक स्पॅनिश विद्यार्थी, ज्याने आधी कधी सिनेमात काम केलं नव्हतं. वयस्क मरियेच्या भूमिकेत पाझोलिनीने स्वतःच्या आईला उभं केलं. मुलाच्या क्रुसापाशी कोसळणारी ती म्हातारी बघताना मला कुठलाच इटालियन आठवत नाही. आमच्या गावातल्या बाया आठवतात.

आणि अर्थातच, देव पडद्यावर आला की भांडणंही येतात. स्कोर्सेसीच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'वरून (१९८८) अमेरिकेत मोर्चे निघाले. २००६ मध्ये 'द दा विंची कोड' आपल्याकडे आला तो मोठ्यांसाठीचं सर्टिफिकेट आणि 'ही कथा काल्पनिक आहे' अशी पाटी घेऊन. तरी गोव्यासकट काही राज्यांनी त्यावर बंदी घातलीच.

अँथनीचा पार्टनर, शिर्डीचा फकीर

आपल्या हिंदी सिनेमाने मात्र या सगळ्या टेन्शनला फाट्यावर मारलं. 'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी येशूला चक्क पार्टनर मानतो. कमाईतला वाटा त्याच्या नावाने ठेवतो, त्याच्याशी गप्पा मारतो. यात टिंगल नाही. देवाशी इतकं सलगीने बोलणं आपल्या अंगातच आहे. आपल्या संतांनी विठ्ठलाला कमी का सुनावलंय?

याच सिनेमात आमचा नगर जिल्हाही आहे, बरं का. अकबर झालेला ऋषी कपूर साईबाबांची कव्वाली गातो, साईंच्या डोळ्यांतून दोन ज्योती निघतात आणि आंधळ्या निरूपा रॉयला दिसायला लागतं. शिर्डी आमच्याच जिल्ह्यातली. एकाच पिक्चरमध्ये चर्चमधला येशू आणि शिर्डीचा फकीर. आमच्या भागातल्या माणसाला त्यात काही नवल वाटत नाही. आमच्याकडे सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. साखर कारखान्याचं हे गाव माणसांनी फुलून जातं. मेणबत्त्या, हार, नवस. रांगेत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. आणि नाव बघा ना. 'मदर मेरी' नाही, 'माउली'. पंढरपूरच्या वाटेवरचा शब्द मरियेला दिलाय.

आता याहून भारी गोष्ट. १९७८ मध्ये तेलुगूत 'करुणामयुडू' नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक ए. भीमसिंग. येशूचं आयुष्य, पण आपल्या पद्धतीने. गाणी आहेत, डोळ्यांत पाणी आणणारे प्रसंग आहेत आणि मुख्य म्हणजे येशू भारतीय आहे. हा सिनेमा हिंदीत 'दयासागर' म्हणून आला आणि गावोगावच्या कापडांवर वर्षानुवर्षं चालत राहिला. येशू झाला होता विजयचंदर. याच विजयचंदरने पुढे १९८६ मध्ये 'श्री शिर्डी साईबाबा महात्म्यम' या तेलुगू सिनेमात साईबाबांचं काम केलं.

म्हणजे एकच चेहरा. आधी नाझरेथचा सुतार, मग शिर्डीचा फकीर. आंध्रातल्या किती घरांत दोन्ही भिंतींवर त्याचेच फोटो असतील, देव जाणे!

टिळकांच्या घरातला कॅमेरा

आता तुम्ही म्हणाल, मराठीत काय? मराठीला ख्रिस्ताची ओळख काल-परवाची नाही. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेही ओवीमध्ये. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहून सुरू झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढची बरीच वर्षं नगर-राहुरीच्या परिसरात राहिले. तुकोबांचं बोट धरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानायचे. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेले, तेव्हा ते अपुरंच होतं. पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळेचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, त्या बाईंनी!

याच लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'वर विजया मेहतांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनसाठी चित्रपट केला. लक्ष्मीबाई झाल्या होत्या सुहास जोशी आणि टिळक रवींद्र मंकणी. त्यात येशू दिसत नाही. चमत्कार नाहीत, आकाशातून प्रकाश पडत नाही. आहे ते एक मराठी घर. नवरा धर्म बदलतो, बायको हादरते, काही वर्षं दोघं वेगळी राहतात. मग ती परत येते तरी सोवळं सोडत नाही. आणि हळूहळू, कुणी न ढकलता, तिच्या स्वतःच्या डोक्यातल्या भिंती पडतात. मला विचाराल तर मराठी ख्रिस्ती माणूस पडद्यावर खराखुरा दिसला तो इथे. श्रद्धा म्हणजे काय, हे दाखवायला ऑर्गन लागत नाही. चूल पुरते.

आजीचा शेवटचा नाताळ

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सुरू केलं, ती.

२०१६ चा नाताळ. आम्ही सगळी भावंडं गावाला जमलो होतो. धाकट्या भावाने नवा प्रोजेक्टर घेतला होता. मला आयडिया सुचली : जुन्या दिवसांसारखा अंगणात पिक्चर लावू या. निवडला मी, 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'. मेल गिब्सनचा, २००४ चा. म्हटलं, येशूच्या काळातली अरामी भाषा, जबरदस्त कॅमेरा. आजीला खरा येशू दाखवू. त्या मैदानातल्या उलट्या पिक्चरपेक्षा शंभरपट भारी.

आजी तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढची. तिला खुर्चीत बसवलं, शाल पांघरली. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या.

ज्यांनी तो पाहिलाय त्यांना माहीत आहे, पुढे काय होतं. फटक्यांचा सीन सुरू झाला. तो संपता संपत नाही. कातडी सोलवटते, रक्त उडतं. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. मी वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. चपला तशाच.

आजी आत चुलीपाशी बसली होती. मी म्हटलं, "आजी, खरंच असंच झालं असेल ना त्याला?"

"झालं असंल," ती म्हणाली. "मला ठाव हाय त्याला किती लागलं. मोजून कशाला दावायचं?"

मी गप्प. मग तिनेच विचारलं, "तो मराठी बोलणारा न्हाई का तुझ्या मशिनीत?"

मी मोबाइलवर शोधला. मिळाला. तोच ब्रायन डीकन, तेच फिकट रंग, तोच दुसऱ्याचा आवाज. आम्ही दोघी चुलीपुढे, एवढ्याशा स्क्रीनवर वाकून. याईराच्या मुलीचा प्रसंग आला. बारा वर्षांची मुलगी आजारी असते. बाप येशूला बोलवायला येतो, पण वाटेतच निरोप येतो, की पोर गेली. येशू तरी घरी जातो. तिचा हात धरतो, तिला उठ म्हणतो. ती उठून बसते. आणि मग येशू आईबापांना सांगतो, की तिला काहीतरी खायला द्या.

आजीने माझा हात दाबला. "हितं थांबव."

मी थांबवला.

"बघ, त्याला ठाव व्हतं," ती म्हणाली. "मेलेली उठवली ती मोठी गोष्ट. पर पोर उपाशी हाय, हे त्याच्या ध्यानात आलं. दुसऱ्या कुणाच्या आलं नसतं."

मग तिने मला सांगितलं. माझ्या वडिलांना एक मोठी बहीण होती. १९७२ च्या दुष्काळात गेली. नऊ वर्षांची. आजी आणि आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथे मिळणारी सुकडी आजी पदरात बांधून घरी आणायची. पोरीला ताप होता. त्या दिवशी कामावर हजेरी उशिरा झाली, सुकडी उशिरा मिळाली. आजी घरी पोचली तेव्हा उशीर झाला होता.

"पदरात बांधलेलं तसंच राह्यलं," आजी म्हणाली. एवढंच.

मी तीस वर्षांची झाले होते आणि मला एक आत्या होती, हे मला माहीत नव्हतं. घरात तिचा फोटो नाही. तेव्हा फोटो कोण काढत होतं? शाळेपुढच्या मैदानात आजीच्या डोळ्यात धूळ गेली नव्हती, हे मला एकवीस वर्षांनी कळलं.

बाहेर अंगणात पिक्चर चालूच होता. भावाने हाक मारली, "ताई, ये ना, क्लायमॅक्स आला!" मी गेले नाही. आजीने चुलीवरचं दूध उतरवलं आणि मला प्यायला दिलं. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

वीकेण्डला बघायचंच असेल तर…

'द पॅशन' वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. अनेकांना तो आतून हलवतो, माझ्या भावालाही हलवलं. पण मला त्या रात्रीपासून एक कळलं. पडद्यावरचा देव किती हुबेहूब आहे, यावर फारसं काही ठरत नाही. तो बघणाऱ्याच्या घरात शिरतो का, यावर ठरतं. फाळक्यांच्या घरात तो कृष्ण होऊन शिरला. आजीच्या घरात तो जेवायला वाढा म्हणत शिरला.

नाताळच्या सुटीत किंवा एखाद्या आळशी रविवारी बघण्यासाठी ही माझी छोटी लिस्ट :

बेन-हर (१९५९) : मोठ्या स्क्रीनवर बघा. रथांची शर्यत सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही पाण्याचा सीन चुकवू नका.

पाझोलिनीचा मॅथ्यूवरचा सिनेमा (१९६४) : ब्लॅक अँड व्हाइट आहे, संथ आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघा.

जीझस ऑफ नाझरेथ (१९७७) : भरपूर लांब. दोन-तीन रात्रींत वाटून बघा, घरच्या मोठ्यांना घेऊन.

अमर अकबर अँथनी (१९७७) : पाहिलाच असेल. पुन्हा बघा आणि या वेळी येशू आणि साईबाबा दोघांवर नजर ठेवा.

दयासागर : हिंदीत. येशू आपल्यासारखा दिसला तर कसा वाटेल, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

स्मृतिचित्रे : आधी पुस्तक, मग विजया मेहतांचा चित्रपट. या क्रमानेच.

आणि हो, एक सिनेमा मला बघायचाय, पण तो अजून कुणी काढलेला नाही. त्यात नगरकडचं मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं असतील. टाळ असतील, बाजरीची भाकरी असेल. आई 'आई'च असेल. आणि कुणीतरी खडी फोडून संध्याकाळी घरी येत असेल, पदरात काहीतरी बांधून. कुणी प्रोड्यूसर वाचत असेल तर कळवा, कॉश्च्यूमला फारसा खर्च येणार नाही!

परवा पुन्हा एक नवीन मुलगी जॉइन झाली. नेहमीप्रमाणे माझ्या डेस्कपाशी आली आणि विचारलं, "तू ख्रिश्चन? मग ख्रिसमसला स्पेशल काय करता?"

आधी मी हसून टाळायचे. या वेळी म्हटलं, "बस जरा. जेवलीस का?"

ती म्हणाली, नाही अजून.

मी डबा उघडला.